वीस हजार रुपये आणि गणिताचा एक खण

पत्र: "करवीर तालुक्यातील एका अनुदानित शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून काम करते. पाचवी ते आठवीचे आमचे बहुतेक वर्ग सेमी-इंग्रजी आहेत. या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने ग्रंथालयाला वीस हजार रुपये दिले, पण त्यातून केवळ गणिताची पुस्तके घ्यावीत अशी अट घातली. गणिताच्या खणात आज साठ-बासष्ट पुस्तके आहेत. त्यांतील बहुतेक शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शिका आणि सरावसंच आहेत. गेल्या वर्षभरात देवघेव नोंदवहीत त्या खणाच्या अवघ्या नऊ नोंदी झाल्या. गणिताचे सर म्हणतात, सरावाचीच पुस्तके आणखी घ्या, निकालाला उपयोग होईल. मी कला शाखेची पदवीधर आहे आणि दहावीनंतर गणिताचे तोंड पाहिलेले नाही. मुले आपणहून मागतील अशी गणिताची पुस्तके असतात का? असल्यास ती मी कशी ओळखावीत आणि आणल्यावर ती पडून राहू नयेत म्हणून काय करावे?" (एक ग्रंथपाल, करवीर तालुका)

ताई,

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे देवघेव नोंदवहीतील नऊ नोंदींची. त्या नऊ नोंदींच्या तारखा एकदा काढून पाहाव्यात. त्या बहुधा शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधीच्या आठवड्यांत पडलेल्या असतील. सरांचे म्हणणे चुकीचे नाही. सराव हवाच आणि आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला केवढा मान आहे हे मी आपल्याला सांगायला नको. परंतु सरावसंच हे वर्गाचे साहित्य आहे, त्याची जागा सरांच्या टेबलाशेजारच्या कपाटात असावी. मूल ग्रंथालयात येते ते कोणी सांगितले नाही तरी वाचावेसे वाटेल असे काही शोधायला, आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून त्याच मार्गदर्शिकांची नवी आवृत्ती आणली, तर पुढच्या वर्षी नोंदी नऊच्या दहा होतील, एवढेच. तेव्हा साठांपैकी सुस्थितीतल्या मार्गदर्शिका सरांच्या स्वाधीन कराव्यात, जुन्या अभ्यासक्रमाच्या असतील त्या नियमाप्रमाणे निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कायमच्या कमी करायला, काढाव्यात आणि तो खण आधी रिकामा करावा.

पुस्तक कसे ओळखावे, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी कला शाखेची पदवी ही अडचण नसून सोय आहे असे माझे मत आहे. मी तीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे एखादे पान कोठे अवघड होते हे मला आता दिसतच नाही. आपल्याला ते लगेच दिसेल. दुकानात जाताना पर्समध्ये पेन्सिल आणि दोन-चार पाठकोरे कागद ठेवावेत. पुस्तकाची प्रस्तावना व पहिले प्रकरण सोडून मध्यावरचे एखादे पान उघडावे आणि दहा मिनिटे वाचावे. त्या दहा मिनिटांत आपला हात कागदाकडे गेला, तर पुस्तक बाजूला काढावे. न गेला, तर मुखपृष्ठ कितीही रंगीत असले तरी ते परत ठेवावे.

हात कागदाकडे जातो म्हणजे काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे जमिनीचे बोलणे गुंठ्यांत चालते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे मिळून एकर होतो. उसाच्या घरातल्या आपल्या मुलांना हे पाठ असते. आता एक तीन अंकी संख्या घ्यावी, पहिल्या आणि शेवटच्या अंकांत निदान दोनचा फरक असलेली, समजा ७३२. ती उलटी लिहावी, २३७. मोठीतून लहान वजा करावी, ४९५ येतात. हे उत्तर उलटे लिहून त्यातच मिळवावे: ४९५ अधिक ५९४ बरोबर १०८९. दुसरी संख्या घ्यावी, तिसरी घ्यावी. दरवेळी एक गुंठाच पदरात पडतो. पाचवीचे मूल हे करून पाहते आणि शेजारच्याला करायला लावते, सहावीचे मूल वजाबाकीचे उत्तर दरवेळी ९९ च्या पाढ्यातलेच का येते असे विचारते, आणि आठवीचे मूल अक्षरे वापरून त्याचे कारण शोधू शकते. आणखी एक गंमत अशी, की १०८९ ला ९ ने गुणले तर ९८०१ येतात, म्हणजे तीच संख्या उलटी. जे पुस्तक एकाच पानावर तीन इयत्तांना असे तीन वेगवेगळे उंबरठे देते, ते आपल्या ग्रंथालयाचे पुस्तक.

दुसरी परीक्षा छपाईची आहे, आणि ती मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या खरेदी समितीवर असताना एका वितरकाने भरघोस सवलतीत देऊ केलेला सचित्र गणिताचा पंचवीस पुस्तकांचा संच मी न उघडताच मंजूर केला होता. महिनाभराने सातवीतील एक मुलगी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, २१० म्हणजे १०२४ कसे?" पानावर खरोखरच '२१० = १०२४' असे छापले होते. मुळात तेथे २ चा १० वा घात होता; अनुवाद करताना आणि अक्षरजुळणी करताना वरचा लहान १० खाली उतरून दोनाशेजारी जाऊन बसला होता, आणि संपूर्ण संचात प्रत्येक घातांकाची हीच गत झाली होती. ज्या मुलांनी तो संच वाचून आपल्यालाच गणित येत नाही असा समज करून घेतला असेल, त्यांची मला अजूनही रुखरुख वाटते. तेव्हा अनुवादित पुस्तक घेताना घातांक, अपूर्णांक आणि वर्गमूळ असलेली पाने शोधून तेवढी तरी जरूर तपासावीत. वर्गमूळाचे चिन्ह संख्येच्या डोक्यावर नीट पोचले आहे का, अंश आणि छेद यांच्यामधली रेघ जागेवर आहे का, हे पाहायला गणित यावे लागत नाही. संच म्हणून काहीही घेऊ नये, सवलत कितीही असो.

मराठी पुस्तकांची सुरुवात मंगला नारळीकर यांच्यापासून करावी. 'गणितगप्पा' या त्यांच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत, आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' हे पुस्तक ज्यांचा पायाच कच्चा राहिला आहे अशा मुलांना धीर देणारे आहे. गप्पांची पुस्तके पाचवी-सहावीला मोठ्याने वाचून दाखवता येतात, आणि लेखिका स्वतः गणिताच्या संशोधक असूनही पानावर कोठेही विद्वत्तेचा आव नाही. पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष असताना, २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'त्र्याहत्तर'च्या जोडीला 'सत्तर तीन' असे वाचन सुचवले गेले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा प्रश्न येथे सोडून देऊ, पण सेमी-इंग्रजीतल्या आपल्या मुलांना 'एकोणऐंशी' म्हणजे नेमके किती हे विचारून पाहावे. उत्तर यायला लागणारा वेळ पाहिला म्हणजे ज्या पुस्तकांत संख्या अक्षरांऐवजी अंकांत छापल्या आहेत ती आधी का निवडावीत, हे लक्षात येईल.

नारळीकरांचे नाव निघाले आहे, तर जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्रही घ्यावे; त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. पुस्तक मोठ्यांसाठी आहे आणि आठवीच्या मुलालाही ते सलग झेपणार नाही, पण बालपणाच्या भागातील काही पाने आपण वाचून दाखवू शकाल. जयंतरावांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरातच झाला आणि त्यांचे आजोळ म्हणजे हुजूरबाजारांचे घराणे. बनारसच्या घरात त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. या फळ्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

द. रा. कापरेकर यांच्यावरील जे काही चरित्रवजा लेखन मराठीत हाताला लागेल, ते घ्यावे. चरित्रांच्या बाबतीत माझा थोडा पक्षपात आहे, तो कबूल करतो. गणिती म्हटले की मुलांच्या हाती रामानुजन यांचे चरित्र दिले जाते. ते द्यावेच, पण त्यातून बहुतेक मुले एवढेच घेतात की गणित ही स्वप्नात येऊन मिळणारी देणगी आहे आणि ती आपल्याला मिळालेली नाही. कापरेकर (१९०५ ते १९८६) हे नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर होते आणि त्यांनी शोधलेली गोष्ट पाचवीचे मूल वजाबाकीच्या बळावर पडताळू शकते. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि मग पुढे काहीच बदलत नाही. २६ जूनला आपल्याकडे शाहू जयंती साजरी होते, त्या दिवशी महाराजांच्या राज्यारोहणाचे वर्ष, १८९४, मुलांना द्यावे: ९८४१ वजा १४८९ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, दोन पायऱ्यांत काम झाले. जन्माचे वर्ष, १८७४, घेतले तर मात्र सहा पायऱ्या चढाव्या लागतात. त्या मी येथे लिहीत नाही. मुलींच्या दृष्टीने मरियम मिर्झाखानी यांचे चरित्र जरूर पाहावे. २०१४ मध्ये फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळवणारी ही पहिली स्त्री. लहानपणी तिला लेखिका व्हायचे होते आणि ऐन आपल्या सहावी-सातवीच्या वयात तिचे गणित एक वर्षभर चांगलेच घसरले होते.

'लीलावती'ची मराठी आवृत्ती संदर्भासाठी एक असावी. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. तो किती उंचीवर मोडला, हा प्रश्न पायथागोरस शिकलेल्या मुलाला सोडवता येतो आणि उत्तरही सुबक, १२ हात, येते. पण अख्खा ग्रंथ मुलांच्या हाती देऊ नये. त्यातील सात-आठ उदाहरणे आपण किंवा सरांनी निवडून जाड कागदावर सुवाच्य उतरवावीत आणि ग्रंथाशेजारी ठेवावीत.

इंग्रजी पुस्तकांबाबत आपण पत्रात काही विचारलेले नाही, तरी सेमी-इंग्रजीच्या शाळेला हा विषय टाळता येणार नाही. सातवी-आठवीसाठी दोन पुस्तके मी निःशंकपणे सुचवतो. एक, हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर या जर्मन कवीचे 'द नंबर डेव्हिल'. गणिताचा तिटकारा असलेल्या रॉबर्ट नावाच्या मुलाला बारा रात्री स्वप्नात संख्यांचा सैतान भेटतो, अशी त्याची रचना आहे. दुसरे, 'द मॅन हू काउंटेड'. लेखकाचे मालबा तहान हे नाव अरबी वाटते, पण तो ब्राझीलमधला गणिताचा शिक्षक होता, आणि त्याच्या जन्मदिवशी, म्हणजे ६ मे रोजी, ब्राझीलमध्ये गणित दिन पाळतात. ३५ उंट तीन भावांत निम्मे, एक तृतीयांश आणि एक नवमांश असे वाटायचे आहेत आणि गणिती आपल्या सोबत्याचा एक उंट त्यात मिसळतो; मग १८, १२ आणि ४ असे वाटून दोन उंट शिल्लक राहतात, एक सोबत्याचा परत जातो आणि दुसरा गणित्याला मिळतो. मुले या गोष्टीवर भांडतात, आणि मूळ तीन वाट्यांची बेरीजच पूर्ण एक होत नाही हे त्यांतल्या एखाद्याला सापडले, की अपूर्णांकांचा छेद समान कशासाठी करायचा हे पुन्हा शिकवावे लागत नाही. पाचवी-सहावीला इंग्रजीतले एखादे चित्रपुस्तक द्यायचे असेल, तर 'वन ग्रेन ऑफ राइस' पाहावे. तांदळाचा एक दाणा रोज दुप्पट होत तीस दिवसांत एकूण १,०७,३७,४१,८२३ दाण्यांवर कसा पोचतो, ते त्यातील शेवटची उलगडणारी पाने डोळ्यांना दाखवतात.

इंग्रजी आणि मराठी पुस्तके एकाच खणात ठेवताना एक काम मात्र आपल्याला करावे लागेल. आपली मुले वर्गात 'प्राइम नंबर' शिकतात आणि मराठी पुस्तकात 'मूळ संख्या' आली की अडखळतात. शिवाय 'द नंबर डेव्हिल'मध्ये तर लेखकाने मुद्दाम खोटी नावे वापरली आहेत, घात करणे म्हणजे उडी मारणे वगैरे, आणि वर्गमूळाला चक्क एका कंदाचे नाव दिले आहे. पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद घ्यावा आणि त्यावर समोरासमोर शब्द लिहावेत: मूळ संख्या आणि प्राइम नंबर, अंश आणि न्युमरेटर, छेद आणि डिनॉमिनेटर, मसावि आणि एचसीएफ, लसावि आणि एलसीएम, परिमिती आणि पेरिमीटर, घातांक आणि इंडेक्स. वीस-बावीस शब्द पुरतात. त्याच्या प्रती काढून प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या खिशात एक ठेवावी, आणि त्याच खिशात दोन पाठकोरे कागदही ठेवावेत, म्हणजे कोड्यांची उत्तरे पुस्तकातच लिहून पुढच्या मुलाची मजा घालवण्याचे प्रकार पुष्कळच कमी होतात.

झटपट गुणाकाराची आणि वैदिक गणिताची पुस्तके दुकानदार आपल्यापुढे ढिगाने मांडेल. एक घ्यावे, पुरे. त्यातल्या युक्त्या मुलांना आवडतात, पण 'का' या प्रश्नाला ती पुस्तके फारशी थारा देत नाहीत. आणि ज्या मूळ पुस्तकावर ती बेतलेली आहेत ते १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यातील सूत्रे उपलब्ध वेदग्रंथांत सापडत नाहीत, हेही सरांनी मुलांना सांगायला हरकत नाही.

काही गोष्टी तर जवळपास फुकट मिळतात. एनसीईआरटीचे सहावीचे 'गणित प्रकाश' हे २०२४ चे नवे पाठ्यपुस्तक इंग्रजी व हिंदीत आहे. ते पाठ्यपुस्तक असूनही मी ते खणात ठेवण्याचा आग्रह धरतो, कारण संख्यांच्या खेळांवरच्या त्यातील प्रकरणात आपले कापरेकर आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली मिळतात. त्यांतील गणिताच्या निवडून, रंगीत छापून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवाव्यात. आणि पावसाळ्यात आलेखाच्या कागदाची एक वही ग्रंथालयात ठेवून पाहावी: रोजच्या वर्तमानपत्रातील पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मुलांनी त्यात टिंबाने दाखवायची, आणि ३९ फुटांवर इशाऱ्याची व ४३ फुटांवर धोक्याची अशा दोन आडव्या रेघा आधीच ओढून ठेवायच्या. ती वही दाखल नोंदवहीत चढवता येणार नाही, पण जुलैत तिच्याभोवती जेवढी गर्दी होईल तेवढी विकतच्या पुस्तकाभोवती होईल याची खात्री नाही.

आता पैशांबद्दल. वीस हजार एकदम खर्च करू नयेत. जूनमध्ये बारा-तेरा हजारांची खरेदी करावी आणि उरलेली रक्कम दिवाळीनंतर देवघेव नोंदवही समोर ठेवून खर्च करावी. वीस हजारांत दीडशे पुस्तके बसवण्याचा मोह होईल, दात्यांना आकडा दाखवायलाही तो बरा वाटतो. पण मी चाळीस निवडक शीर्षके घेऊन त्यांतील दहा-बारांच्या तीन-तीन, चार-चार प्रती घेईन. कोडे एकट्याने वाचले जात नाही, मधल्या सुट्टीत दोघे-तिघे एकाच पानावर असतील तर ते पुढे सरकते. खरेदीपूर्वी शक्य तेवढी पुस्तके आधी चाळून घ्यावीत. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची संस्था गावात असताना प्रत्येक पुस्तक विकत घेऊनच पाहण्याची गरज नाही. दात्यांना मात्र आधी विश्वासात घ्यावे, नाहीतर उरलेल्या रकमेबद्दल विनाकारण चर्चा होते.

पुस्तके आल्यावर ती सगळी ५१० या गणिताच्या वर्गीकरण क्रमांकाखाली एका खणात कोंडू नयेत. दशांश वर्गीकरणातच गणिती कोड्यांना ७९३.७४ हा वेगळा क्रमांक आहे, म्हणजे ती खेळांच्या शेजारी बसतात. चरित्रे चरित्रांत जातील, नंबर डेव्हिल आणि उंटांची गोष्ट कथांच्या खणात जातील. देणगीदारांना एकत्र पाहायची असतील तर उद्घाटनाच्या दिवशी टेबलावर मांडावीत आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या जागी लावावीत. गोष्ट म्हणून उचललेल्या पुस्तकात गणित निघाले तर मूल ते परत ठेवत नाही.

राहिला तो फळा. ग्रंथालयाच्या दाराशी, मुलांच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर, एक लहान फळा लावावा आणि मोरूमामांप्रमाणे त्यावर दर सोमवारी एक कोडे लिहावे. खाली ते ज्या पुस्तकातून घेतले त्याचे नाव आणि पान लिहावे, उत्तर लिहू नये. पहिल्या सोमवारी गुंठ्याचे कोडे घ्यावे, आणि अंकांत निदान दोनचा फरक असावा ही अट मुद्दाम लिहू नये. कोणीतरी ३४३ घेऊन येईल आणि हातात शून्य आले म्हणून तक्रार करील; त्याला दुसरी संख्या घ्यायला सांगावे. दुसरे कोणी ४३३ घेऊन येईल. ४३३ वजा ३३४ म्हणजे ९९, आणि ९९ उलटे केले तरी ९९, बेरीज १९८. पुस्तक चुकले, असे ते मूल विजयी मुद्रेने सांगेल. त्याला काही समजावून सांगू नये. फळ्यावरच्या त्याच्या ९९ च्या अलीकडे खडूने एक शून्य काढावे, ०९९ करावे, आणि आता पुन्हा उलटे लिही, एवढेच म्हणावे.